सात आजार

सहा आठवड्यांत बाबांना सात आजार झाले होते. कंबरदुखी, ताप, दाढ, पोट, डोळे, सर्दी आणि चक्कर. पहिला आईने शोधला, चार दादाने, उरलेले दोन धाकटीने. कोणाला कोणता सांगितला हे ती वहीत लिहून ठेवायची. घोळ व्हायला नको.

खरा आजार वहीत नव्हता. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. जिना उतरता उतरता आई मुलांना म्हणाली, "हा शब्द घरात काढायचा नाही. त्यांच्या कानावर पडला तर उरलंसुरलं बळही जाईल."

तेव्हापासून घर कुजबुजत होतं. भांडी हलकेच ठेवली जात. बाबांच्या खोलीत पडद्यातून हिरवट उजेड यायचा आणि ते त्यात तळ्याच्या तळाशी असल्यासारखे पडून असत. आपलं बोलणं तिथवर पोचेपर्यंत विरघळत असेल, असं धाकटीला वाटायचं.

रविवारी दुपारी काका आले. वीस वर्षं बाबांच्या शेजारी बसून चष्म्याची भिंगं घासणारे.

"कंबर कशी आहे आता?"

"ताप उतरलाय," दादा म्हणाला.

"दाढ काढायचीय," त्याच वेळी आई म्हणाली.

काकांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एका माणसाला एवढे परवडतात होय? वहिनी, मी भिंगं घासतो, आंधळा नाही."

कोणी हसलं नाही. भिंतीवर उन्हाचा चौकोन हळूहळू सरकत होता. आईने डोळे मोठे केले, तरी धाकटी बोललीच.

"काका, बाबांना डिप्रेशन आलंय."

नेहमीच्या आवाजात. इतक्या दिवसांनी तो तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

आत पलंग करकरला.

"झालं समाधान?" आई पुटपुटली. सगळे बंद दाराकडे बघत राहिले. मग पाण्यातून बुडबुडा वर यावा तसा बाबांचा आवाज आला.

"दार उघड गं. नीट ऐकू येत नाहीये."

तिने दार उघडलं. तोच शब्द पुन्हा सांगितला. बाबा उशी सरकवून उठून बसले.

"असं होय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी माझ्याशी अबोला धरलाय."

काकांनी आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली. बाबा बाहेर येऊन चोवीस मिनिटं बसले. धाकटीने तेवढंच वहीत लिहिलं.