शब्द अडला तेव्हा

"हा आमच्या गल्लीतला न्हावी," दादा सांगत होता. "गिऱ्हाईक नसलं की असाच बसतो. धाकटीनं बरोब्बर टिपलाय."

पोस्टमननं मान डोलावली. वाचनालयात टपाल टाकून, खांद्यावरच्या पिशवीसकट तो फोटोंचं प्रदर्शन बघायला आत शिरला होता. प्रश्न त्यानं धाकटीला विचारला होता. ती शेजारीच उभी होती, ओठ नुकते उघडलेले. उत्तर दादानं दिलं. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

धाकटी बोलताना अडखळायची. पहिल्याच अक्षरावर तिची गाडी रुतायची. दादा सहा वर्षांनी मोठा. ती रुतली की हा धक्का मारायला हजर. शाळेच्या दारात, बसमध्ये, तिकिटाच्या खिडकीपाशी, तिच्या तोंडून अर्धं अक्षर फुटायच्या आत तो वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा. दुखायचं तिचं पोट, पण कुठे दुखतंय ते डॉक्टरांना दादा सांगायचा. पुढे त्यानं औषधाचं दुकान काढलं. तिथे तर ही सवय गुणच ठरली. गिऱ्हाईक खोकलं की बाटली काउंटरवर. धाकटीला त्यानंच चष्म्याच्या कारखान्यात चिकटवलं. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. दिवसभर कुणाशी बोलायची भानगड नाही. आपण तिचं भलं केलं, असं तो मनापासून मानत होता.

संध्याकाळी ती फोटोग्राफीच्या वर्गाला जाते, हे दोन वर्षं त्याच्या गावीही नव्हतं. गेल्या आठवड्यात तिनं त्याच्या काउंटरवर एक छापील कार्ड ठेवलं आणि निघून गेली. वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन. तिचं एकटीचं. आज दुपारी दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहिला. कुणी काही विचारलं तर धाकटीची पंचाईत व्हायला नको.

भिंतींवर चोवीस फोटो होते. सगळे चेहरेच. बँकेतला कारकून, ओठ आवळलेले, नजर घड्याळाकडे. भाजीवाली, चेहराभर कीव. शेजारची चिमुरडी, हनुवटी तळव्यावर, कसलीच घाई नसलेली. आणि आई. आईनं मान खाली घातली होती आणि बोटांनी ती स्वेटरचं बटण उगाचच फिरवत होती. फोटो दादाला आवडले होते. पण ही माणसं नेमकं काय करताहेत ते कळत नव्हतं. न कळलेलं कबूल करणं त्याला जमत नसे, म्हणून तो सांगत सुटला होता.

वर्ग घेणाऱ्या बाई दोन पेले घेऊन आल्या. कॉफी त्याला, पाणी धाकटीला.

"तिलाही कॉफीच द्या," दादा म्हणाला. "लहानपणापासून पिते."

"तिला आवडत नाही," बाई सहज म्हणाल्या. "ती 'का, का' करते ना, तेव्हा तिला 'कॉफी' नाही, 'काही नको' म्हणायचं असतं. मीही पहिल्या दिवशी फसले होते."

दादा हसला. मग त्यानं हातातल्या कॉफीकडे पाहिलं. आजवर किती कप त्यानं तिच्यापुढे सरकवले होते, आणि तिनं ते मुकाट्यानं संपवले होते.

"पण काय हो," पोस्टमन धाकटीकडे वळला, "ही सगळी माणसं थांबलीत कुणासाठी?"

दादानं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "त्यांनी तिला विचारलंय."

धाकटीनं श्वास घेतला. "मा... मा..."

दादाच्या जिभेवर तीन-चार शब्द येऊन उभे राहिले. त्यानं ते गिळले.

"माझ्यासाठी," धाकटी म्हणाली. "मी बो... बोलायला लागते. शब्द अडतो. तेवढ्यात फोटो काढते. मग त्यांना दाखवते. हो म्हणाले तर ठे... ठेवते."

"वर्गात आली तेव्हा चिठ्ठी लिहून द्यायची," बाई हळूच दादाला म्हणाल्या. "या चोवीस फोटोंसाठी शंभरेक लोकांशी स्वतः जाऊन बोलली."

दादा पुन्हा पहिल्या फोटोपासून निघाला. न्हावी रिकामा बसलेला नव्हता. त्याची कात्री हवेतच थांबली होती; तो धाकटीच्या शब्दाची वाट बघत होता. कारकुनाला तो शब्द नकोच होता. चिमुरडीला हवा होता, आणि त्यासाठी तिच्याकडे अख्खी दुपार होती. आईला मात्र ते बघवत नव्हतं. आपण इतकी वर्षं धाकटीच्या आणि या चेहऱ्यांच्या मध्ये उभे होतो, म्हणून तिला ते दिसले नव्हते, हे दादाच्या हळूहळू लक्षात आलं.

मग तो स्वतःचा चेहरा शोधू लागला. चारी भिंती झाल्या. परत एकदा झाल्या.

तो धाकटीसमोर येऊन उभा राहिला. "माझा नाही लावलास?" आणि लगेच, सवयीनं, "खराब आला असेल. दुकानात उजेडच कमी, त्यात मी सारखा हलत..."

त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं ओठ मिटले.

धाकटीनं बोलायला सुरुवात केली. पहिलं अक्षर निघायला फार वेळ लागला. पोस्टमन दाराशी घुटमळला. दादा जागचा हलला नाही, एकही शब्द त्यानं पुढे केला नाही.

"खू... खूपदा आले होते दुकानात, कॅमेरा घेऊन," ती म्हणाली. "पण तू कधी थां... थांबलाच नाहीस, दादा."