घरचं उदाहरण

बशीरभाय होडेकर मदरशात शिरले ते तिथे शिकवणाऱ्या रुकय्या आपांना कामावरून काढायचं ठरवूनच. जमातीचे ते अध्यक्ष, धंद्याने आंब्याचे व्यापारी. पेटीचा वरचा थर बघून तळाचा आंबा ओळखणारा माणूस. बाहेर ओट्यावर तक्रारदार सत्तार निकालाची वाट बघत बसला होता.

तक्रार अशी की, ही बाई सावंतवाडीला मास्तरकी शिकून आली आणि मुलांना कुराणाचा अर्थ मालवणीत सांगायला लागली. छडी फेकली, फळा आणला. वर घरचा अभ्यासही देते. "आमचे बापजादे अर्थाबिगर जन्नतीत गेले मां?" सत्तारचा सवाल.

आत मुलं गोल करून बसली होती. त्यातच बशीरभायंची नात शिफा.

"सूरह माऊन म्हण गो," ते म्हणाले. कुराणातल्या सगळ्या सूरहांत, म्हणजे अध्यायांत, ही त्यांची आवडती. छोटीशी; नमाजीत ती धरली की दुकान लवकर उघडता येई.

शिफाने म्हटली. न डोलता, न अडखळता, एकेक अक्षर घशातल्या आपापल्या जागेवरून. बशीरभायंना मनातल्या मनात बाईंचा भाव थोडा वाढवावा लागला.

"आता अर्थ," आपा म्हणाल्या.

"ऱ्हवांदे, पुरे झाला," असं ते म्हणेपर्यंत शिफा सुरूही झाली. "जे लोकांका दिसूक व्हया म्हणान नमाज पढतत, आणि शेजाऱ्यान मागल्यार साधी वापरूची वस्तू पन दिनत नाय, तेंचा काय खरा नाय."

"साधी वस्तू म्हणजे कसली?" आपांनी वर्गाला विचारलं. "उदाहरण घरातून आणायचं होतं."

"मीठ!" कोणीतरी ओरडलं. "कोयतो!"

"शिडी," शिफा म्हणाली. "शेजारचो बाबलीकाका कौलां परतूक मागूक इलो काय आमचो आजो सांगता, मोडली हा. पन ती मोडूक नाय."

वर्ग खदखदून हसला आणि आजोबांचं तोंड बघून एकदम गप्प झाला. आपांच्या हातातला खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला. नोकरी गेली, हे त्यांना तिथेच कळलं. तरी त्या शिफाकडे वळून म्हणाल्या, "बरोबर. बस."

या 'बरोबर'पाशी बशीरभाय अडले. अध्यक्षासमोर एवढं खरं बोलणारं माणूस त्यांनी बाजारातही पाहिलं नव्हतं. ते उठून बाहेर आले.

"काय ठरला?" ओट्यावरून सत्तारने विचारलं.

"बाई ऱ्हवतली."

"आणि अर्थ?"

"तो पन."

"अहो, पोरां उद्या मोठ्यांका प्रश्न इचारतली!"

"इचारूंदेत." बशीरभायंनी चपला पायात सरकवल्या. "तुझी नात पन ह्याच वर्गात आसा, सत्तार. जरा सांभाळून ऱ्हव."

घरी पोचल्यावर ते आत गेलेच नाहीत. परसात जाऊन त्यांनी कुंपणापलीकडे हाक मारली, "बाबल्या, ये रे! शिडी व्हर."

बाबली हात पुसत आला. संशयानेच आला. "मोडलेली मां ती?"

बशीरभायंनी शिडी भिंतीवरून उतरवून एक टोक खांद्यावर घेतलं.

"मोडूक नव्हती," ते म्हणाले. "धर तू तकडला टोक."