घरातली विमानतालीम

दोन चिल्लीपिल्ली घेऊन विमानात बसायचं, म्हणजे रंगीत तालीम हवीच. पंधरा दिवस रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लागत होत्या. मी हवाईसुंदरी आणि ऑफिसातून दमून आलेले पोरांचे बाबा पायलट. सोफ्यावर लवंडून "निवांत बसा, आपण उडतोय" एवढं जाहीर केलं, की दोन मिनिटांत ते घोरायला लागायचे. पोरं लगेच उठायला बघायची. मग मी दटावायचे, "पायलट झोपला तरी विमान चालतं. पट्टा सोडायचा नाही!"

खऱ्या विमानात पोरांनी माझं नाव राखलं. रडणं नाही की पुढच्या सीटला लाथा नाहीत. शेजारच्या आजी मात्र पहिल्यांदाच उडत होत्या, जीव मुठीत धरून बसल्या होत्या बिचाऱ्या. तेवढ्यात स्पीकरवर पायलटचा आवाज आला, "निवांत बसा."

माझ्या थोरलीने आजींचा हात थोपटला आणि मागच्या रांगांनाही ऐकू जाईल असा धीर दिला,


"घाबरू नका हं आजी, पायलट आता झोपतील, पण विमान चालतं. आमचे बाबा पायलटच आहेत ना, ते रोज झोपतात."