कण्यातलं नाणं

पोलिसांची जीप खाडीच्या वळणावर दिसली आणि हौसाच्या हातातली जास्वंद गळून पडली. नवऱ्यावर तक्रार झाल्यापासून देवापुढे दिवा लावल्याखेरीज ती पाणीही घेत नव्हती.

जीपमधून फौजदार उतरले. मागून एक हवालदार आणि अस्लम. मस्कतला बारा वर्षं खलाशी म्हणून राबून अस्लमने हौसाच्या नवऱ्याशी, धोंडू मेस्त्रीशी, आगाऊ पैसे देऊन होडीचा करार केला होता, त्याला दोन वर्षं झाली. मांडवात अजून नुसता कणा पडलेला. तळाचं लांब लाकूड, आणि त्याला जोडलेली नाळ, होडीच्या टोकाचं उभं लाकूड.

"मेस्त्री, होडी कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"लाकूड मिळालं नाय साहेब. कामगार सोडून गेले. उशीर झाला, लबाडी नाय."

"उशीर झाला असेल तर तो करारभंग. यांनी दिवाणी कोर्टात जावं, मी मध्ये पडणार नाही. पण सही करतानाच होडी बांधायची नव्हती, तर ती फसवणूक. मग तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

हौसा पुढे झाली.

"बांधायची नव्हती तर कणा कशाला घातला असता, साहेब?" ती हळूच म्हणाली.

"हा कणा माझाच कशावरून, वहिनी?" अस्लम म्हणाला. "मेस्त्रींचा फोनसुद्धा लागत नाय. हे लाकूड घेऊन काय पोहत जाऊ?"

तेव्हा तिला आठवलं. कणा घालताना मालक स्वतःच्या हाताने नाळेच्या सांध्यात नाणं ठेवतो. एका होडीला एक मालक, एक नाणं. ठेवलेलं नाणं पुन्हा काढायचं नाही. काढलं तर होडी माणूस मागते, असं सासरे सांगायचे. बायकांनी त्या पूजेला जायचं नसतं. ती फक्त हळदकुंकवाचं ताट करून द्यायची. अस्लमच्या कण्याच्या पूजेनंतर तर धोंडू फारच देवभोळा झाला होता. तीन-चार महिन्यांनी तेच ताट मागून न्यायचा. कण्याला पूजा हवी, म्हणायचा. असा माणूस लबाड कसा असेल?

"अस्लमभाई, हे सांगत होते, तुम्ही मस्कतचं नाणं ठेवलं होतंत ना?"

"होय." त्याचा आवाज खाली आला. "पहिल्या पगारातलं."

"मग सांधा उघडून बघा, साहेब. नाणं निघालं तर कणा यांचाच."

"हौसा, तू घरात जा बघू," धोंडू एकदम म्हणाला. "सांधा उघडणं अपशकुन आहे."

"आणि तुम्हाला नेलं तर तो शकुन काय?"

लग्नाच्या वीस वर्षांत ती पहिल्यांदाच उलट बोलली होती.

"उघडा, साहेब," अस्लम म्हणाला. "माझं नाणं निघालं तर तक्रार मागे घेतो. वहिनींसमोर शब्द देतो."

धोंडू फळ्यांच्या ढिगावर बसला. ओठ पांढरे पडले होते. एवढी मेहनत मोडताना बघवत नसेल त्याला, हौसाच्या मनात आलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात जप सुरू केला.

हवालदाराने हातोडी मारली. दोन वर्षांपूर्वीच्या पाचरी, पण पहिल्याच घावाला अलगद सुटल्या. सांधा उकलला. त्याने फटीत बोटं घातली.

"आहे साहेब! मस्कतचंच."

हौसाचे हात आपोआप जोडले गेले. डोळ्यांतून पाणी आलं.

अस्लमने मान खाली घातली. "चुकलो, मेस्त्री. माफ करा."

धोंडूने वर पाहिलं नाही.

"थांबा," हवालदार म्हणाला आणि बोटं पुन्हा आत घातली.

त्याच्या तळहातावर एक चांदीचं नाणं आलं. मग एक दहाचं. मग भोक पाडलेलं एक तांब्याचं. चारही नाण्यांना हौसाच्याच ताटातलं कुंकू लागलेलं होतं.