नेहमी ‘हो’ म्हणणारं फंक्शन

फोनवर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चिडल्या नव्हत्या. त्यामुळेच ताईचा धीर सुटला.

“नऊ वर्षांच्या नोंदी गेल्या हो,” त्या म्हणाल्या. “काचबिंदूच्या पेशंटचं डोळ्यातलं नुसतं आजचं प्रेशर बघून मी काय करू? वाढलंय की उतरलंय, हे कशाशी ताडून बघू? बाहेर सव्वीस जण बसलेत. त्यांना काय सांगू, ते तरी सांगा.”

“बघते आणि कळवते,” एवढंच ताई म्हणाली.

कुठे बघायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत इन्स्टॉलर लिहिणं हे तिचं काम. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढवतो तो इन्स्टॉलर. आधी तो जुन्या नोंदींची नक्कल बाजूला काढतो, मग जुनं पुसतो, मग नवं बसवतो. पुसण्याआधी तो एका फंक्शनला विचारतो, नक्कल पुरी झाली का? ते फंक्शन एकेक नोंद ताडून बघतं आणि उत्तर परत पाठवतं, हो किंवा नाही. ते तिनेच लिहिलं होतं. तीन आठवडे खपून लिहिलं होतं.

तिने फाइल उघडली. ताडून बघण्याच्या सगळ्या ओळी गायब होत्या. फंक्शनमध्ये एकच ओळ उरली होती. काहीही न बघता ‘हो’ परत पाठवणारी.

डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर जागा संपली होती. नक्कल अर्ध्यावरच थांबली होती. इन्स्टॉलरने विचारलं, फंक्शनने बेधडक ‘हो’ म्हटलं, आणि नऊ वर्षं पुसली गेली. बाकीच्या दवाखान्यांत नक्कल नीट होत गेली, म्हणून खोटं उत्तर आपोआप खरं ठरत गेलं. चालत्या गाडीचं चाक काढून बघतो कोण?

त्या ओळीसमोर बदल करणाऱ्याचं नाव होतं. तिचंच.

असं काही केल्याचं तिला आठवेना. पण नाव तर ढळढळीत समोर होतं. कामाच्या रगाड्यात कधीतरी हात फिरला असेल, तिने स्वतःला समजावलं, आणि मालकांच्या केबिनमध्ये गेली. त्यांना सगळे सर म्हणत, तिला ताई. त्यांच्या हाताखाली तिची चौदा वर्षं झाली होती.

सर एका शब्दाने रागावले नाहीत. तिला बसवलं, पाणी दिलं.

“माणूस म्हटला की चूक होते,” ते म्हणाले. “डॉक्टरांचं मी बघतो. तू फक्त दोन ओळी लिहून दे, की हा बदल तू केलास आणि कोणाला विचारलं नाहीस. सोबत राजीनामा. कंपनीचीही अब्रू राहील, आणि तुझीही.”

नोकरी चालली होती, तरी तिला भरून आलं. अशा वेळीही हा माणूस आपली अब्रू बघतोय. ती जागेवर येऊन लिहायला बसली. ‘मी दिनांक’ इथे पेन अडलं. बदल कोणत्या दिवसाचा, ते तिने बघितलंच नव्हतं. तिने पुन्हा फाइल उघडली आणि तारीख वाचली.

तीन वर्षांपूर्वीची तारीख. त्या दिवशी तिचे वडील गेले होते.

ती ऑफिसात नव्हतीच. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. दुपारी सरांचा फोन आला होता, चारला गिऱ्हाईकासमोर डेमो आहे, तुझा इन्स्टॉलर फार रेंगाळतो, तुझा पासवर्ड सांग. तिने सांगितला होता. संध्याकाळी बातमी कळली तसे सर धावत आले. शववाहिका त्यांनी बोलावली, खांदा दिला, सगळं उरकेपर्यंत थांबले. तेव्हापासून ती जाईल तिथे सांगायची, आमचे सर म्हणजे देवमाणूस.

तिने लॅपटॉप उचलला आणि तसाच उघडा त्यांच्यासमोर ठेवला.

“सर, त्या दिवशी मी इथे नव्हते.”

सरांनी तारीख वाचली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

“ताडून बघायला चाळीस मिनिटं लागायची. गिऱ्हाईक थांबलं असतं का? म्हटलं, डेमो झाला की परत घालू. राहून गेलं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण पासवर्ड तूच दिलास ना? तेही बाहेर येईल. दोघांनी बुडण्यापेक्षा एकाने बुडालेलं बरं.”

ताईने त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पासवर्ड आपण दिला होता, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“नोंदी परत येतील?”

“नाही,” ती म्हणाली.

तिने फोन ठेवला तेव्हा सर तिच्याकडे बघत होते. खरोखर दुखावल्यासारखे.

“तुझ्या अडचणीला मी धावलो, ते विसरलीस,” ते म्हणाले. “आणि लक्षात काय ठेवलंस, तर एक पासवर्ड. दोन मिनिटांचा तर फोन होता.”

दोन मिनिटांचाच होता. वॉर्डात रेंज नव्हती, म्हणून वडिलांच्या मुठीतून आपला हात सोडवून ती जिन्यापाशी गेली होती. परत आली तेव्हा नर्स पडदा ओढत होती.