दरीची बाजू

"घोडा आला की दरीच्या बाजूला सरायचं, आई. वरच्या अंगाला उभा माणूस त्याला झडप घालणाऱ्या जनावरासारखा वाटतो. आणि बोलत राहायचं. काही सुचलं नाही तर देवाचं नाव घे, घोड्याला चालतं."

मुलाचं हे सांगणं आठवत आई चढत होती. मागून सून येत होती. एका अंगाला गच्च झाडीचा चढ, दुसऱ्या अंगाला दरी. वाट अरुंद, पायी चालणाऱ्यांची आणि घोडेस्वारांची एकच. गेल्या महिन्यात याच वाटेच्या एका वळणावर, शेजारी घोडी असताना, मुलगा दरीत कोसळला होता. ते पाहिलं होतं फक्त आईनं. वर खिंडीतल्या वनचौकीत आज तिची साक्ष होती.

ते वळण आलं तेव्हा सून मान वळवून झपझप पुढे गेली.

पुढच्या सपाटीवर घोडेवाला भेटला. घोडीचा लगाम धरून तोही चौकीकडेच निघाला होता. दोघी सवयीनं दरीच्या बाजूला सरल्या. तो ओशाळला.

त्यानं पुन्हा तेच विनवलं. त्या दिवशी तो खोगिराचा पट्टा आवळत होता. मायलेकांकडे त्याची पाठ होती खरी, पण घोडी जागची हलली असती तर हाताला कळलं असतं. तिच्यावर ठपका आला तर तिला गोळी घालणार होते आणि ही वाट घोड्यांना कायमची बंद होणार होती. मग त्यानं आणि त्याच्या भावांनी खायचं काय?

"घोडीची बाजू घ्यायला माणसं आहेत," सून म्हणाली. "धक्का लागल्याशिवाय धडधाकट माणूस दरीत जातो होय? हौसेनं गेला का तो?"

घोडेवाला आईकडे वळला. "माई, तुमच्या तोंडून खोटं निघत नाही असं सगळे सांगतात. तुम्ही पाहिलंय. तेवढंच सांगा."

हे खरं होतं. रोज पहाटे दिव्यापुढे हात जोडून ती एवढंच मागायची, की जिभेवर खोटं येऊ नये. त्यापायी तिनं सख्ख्या भावाशीही वाकडं घेतलं होतं.

आईनं घोडीच्या मानेवरून हात फिरवला. सुनेनं तोंड फिरवलं.

उरलेल्या चढणीवर सून बोलत राहिली. त्या सकाळी ती नवऱ्याला नाही नाही ते बोलली होती. जेवण जात नव्हतं, डोळा लागत नव्हता. "एवढंच बरं, की तो घोडीमुळे गेला," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळे गेला असता ना, तर मीही त्याच वळणावर गेले असते."

आईनं तिचा हात धरला तो चौकी येईपर्यंत सोडला नाही.

आतून हाक आली. सून बाकावर टेकली. घोडेवाल्यानं दुरूनच हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच निवांतपणा होता.

त्या दिवशी घोडी खरोखरच जागची हलली नव्हती. मुलगा म्हणाला होता, "आई, तुझ्या सुनेला काही कळू देऊ नकोस हं." सकाळच्या भांडणानंतर तो आपल्यापाशी रडला, त्याचंच म्हणतोय असं समजून आई हो म्हणाली होती. मग त्यानं तिचा हात सोडला आणि आपणहून एक पाऊल मागे टाकलं.

आईनं पदर सारखा केला आणि दिलेला शब्द पाळायला आत गेली.