नाब्लुसचे डोंगर

अण्णाजी भूगोलाचे निवृत्त मास्तर. मुलासाठी, चंद्रभानसाठी, पाहिलेल्या दर मुलीला ते एकच प्रश्न विचारत, "नाब्लुस कुठं आहे?" म्हणूनच त्याचं लग्न अडलं होतं.

केळझरची रुख्मिणी मात्र अडखळली नाही. "पॅलेस्टाईनमध्ये. रोमन लोकांनी वसवलं. तिथं ऑलिव्हच्या तेलाचा साबण बनतो. शहराच्या उत्तरेला गेरिझिम डोंगर, दक्षिणेला एबाल."

तिच्या आईच्या जिवात जीव आला. चंद्रभान सतरंजीची नक्षी पाहत राहिला.

अण्णाजींनी चहा बशीत ओतला. "पोरगी पसंत आहे. डोंगर तेवढे उलटे सांगतले तिनं."

मग ते मुलाकडे वळले. "हेच डोंगर तू मॅट्रिकपासून उलटे सांगून राह्यला. काऊन रे, हिची शिकवणी पवनारच्या घाटावर घेतली का?"